श्रीमंत बापाची तालीम

११ जानेवारी

आज मला संवाद मिळाले. एखाददुसरा नाही, चांगली साडेतीन पानं!

तीसेक वर्षं सिनेमात काढली, पण आजवरची माझी सगळी वाक्यं एका पोस्टकार्डावर मावतील. "साहेब, चहा." "साहेब, फोन." "बाईसाहेब आल्यात." एकदा मोठा प्रसंग मिळाला होता, त्यात "नाही साहेब, छोटे मालक काल घरी आलेच नाहीत" एवढं लांबलचक वाक्य होतं. कात्री लागून पडद्यावर "नाही साहेब" तेवढं उरलं. जन्मभर नोकर झालो. खांद्यावर फडकं, हातात ट्रे, पाठीला बाक. युनिटमध्ये सगळे मला ट्रेकाकाच म्हणतात.

आणि आज दिग्दर्शकबाई म्हणाल्या, "काका, या वेळी नोकर नाही. तुम्ही मुलीचे वडील आहात. बंगल्याचे मालक."

मला वाटलं, चेष्टा करतायत. बाई वयाने आमच्या मुलीएवढ्या, पहिलाच सिनेमा. म्हणाल्या, "लोकांच्या नजरेसमोरून तुम्ही शंभरदा गेलाय, पण नजर एकदाही तुमच्यावर थांबली नाही. मला असाच बाप हवाय." याचा अर्थ अजून लागला नाही. स्तुतीच असावी.

या माणसाच्या मनात काय चाललंय ते रोज चार ओळी लिहीत जा, असं त्यांनी सांगितलंय. म्हणून ही वही. पण श्रीमंत माणसाच्या मनातलं लिहायला बसलो तर आपलंच लिहून होतंय. असो.

घरी आलो तेव्हा ही तिच्या पाळणाघरातल्या एका बाळाला भरवत होती. बातमी ऐकून म्हणाली, "अगंबाई! म्हणजे आता तुम्हाला बसायला मिळणार."

खरंच की. इतक्या वर्षांत कॅमेऱ्यासमोर मी एकदाही बसलो नाही.

१३ जानेवारी

गोष्ट वाचली. श्रीमंत मुलगी आणि बंगल्यात पेपर टाकणारा गरीब मुलगा. म्हणजे आपलाच प्रांत. असल्या गोष्टींत इतक्यांदा चहा आणलाय की डोळे मिटून सांगेन. आधी भांडण, मग गाणं, मग बापाला सुगावा. बाप गाऊन घालून जिन्यावर उभा. मग तो मुलाच्या खोलीवर जातो, नोटांचं पाकीट टाकतो आणि विचारतो, "तुझी लायकी काय?" मुलगा पाकीट फाडून फेकतो. शिट्ट्या.

माझा प्रसंग तोच. पाकीट आहे, लायकीही आहे. पण पुढे बाईंनी सगळा घोळ घातलाय. मुलगा पाकीट फाडतच नाही! उलट म्हणतो, "दमलेले दिसताय. बसा ना." आणि बाप बसतो! पाणी मागतो! म्हणतो, "ती गेली तर घरात माझ्याशी बोलणार कोण?"

मी फोन करून सांगितलं, "मॅडम, लोक तिकिटाचे पैसे परत मागतील."

त्या हसल्या. "काका, पाकीट फाडलेलं लोकांनी पुष्कळदा बघितलंय. त्या बापाला काय वाटत असेल, ते नाही बघितलं."

बापाला काय वाटायचंय? राग येतो. दुसरं काय?

१६ जानेवारी

कपडे धुवायचं मशीन बंद पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आमच्या हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम बघतो ना, तो येईल बघायला."

डॉक्टरीणबाई म्हणजे आमची एकुलती एक. दातांची डॉक्टर. निकाल लागला त्या दिवसापासून मी तिला याच नावाने हाक मारतो, आणि हाक मारताना छाती अजून दोन बोटं फुगते. नोकराची मुलगी डॉक्टर झाली! सिनेमातल्या नोकराची म्हणायला हवं, पण लोकांना फरक कुठे कळतो.

लिफ्टवाला आला. तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा, नखं स्वच्छ. मशीन भिंतीपासून ओढलं, मागचं झाकण काढलं आणि बघता बघता चालू करून दिलं. पैसे घेईना. हिने चहा दिला, त्यात न विचारता साखर कमी घातली. त्याला कमी लागते हे हिला कसं कळलं कोण जाणे. बायकांना चेहऱ्यावरून कळतं.

डॉक्टरीणबाईने सांगितलं, सुरुवातीला त्याने 'लिफ्ट बंद' अशी पाटी लावली होती. पाच मजले चढून गेल्यावर तिने खाली फोन करून त्याला झाप झाप झापलं. त्यावर दोघं इतकी हसली! यात हसण्यासारखं काय, मला कळलं नाही. पण मुलगा गुणी आहे. नाव ठेवायला जागा नाही.

मला तालमीला कुणीतरी समोर हवाच होता. हिला माझी वाक्यं ऐकून हसू फुटतं, डॉक्टरीणबाईला वेळ नसतो. त्याला विचारलं.

"मला नाही येत काका, नाटक-बिटक."

"तुला काय करायचंय? गप्प उभा राहा. मी बोलेन. शेवटी 'बसा ना' म्हण, झालं."

त्याने आत बघितलं, मग म्हणाला, "येईन."

१९ जानेवारी

पहिली तालीम. टेबल बाजूला सरकवलं, लिफ्टवाल्याला मधोमध उभं केलं. पाकिटाऐवजी विजेचं बिल घेतलं आणि सुरू झालो.

"माझी मुलगी मी कशी वाढवली, ठाऊक आहे? तू तिला काय देणार? तुझी लायकी काय?"

आवाज असा लागला की मीच थरारलो. स्वयंपाकघरात हिच्या हातून डाव पडला. डॉक्टरीणबाई उठून गॅलरीत गेली. म्हणजे प्रसंग भिडला! लिफ्टवाला मान खाली घालून उभा राहिला. काय सुंदर उभा राहिला! अभिनय शिकलेल्यांना जमणार नाही. पुढचं "बसा ना" म्हणायला मात्र विसरला.

मी पाठ थोपटली. "अरे, सिनेमात ये. माझा ट्रे रिकामाच झालाय."

२५ जानेवारी

एक दिवसाआड येतो. आता मला त्याची वाट बघायची सवय झालीये. येताना कधी नळाचा वायसर आणतो, कधी दाराची कडी बसवतो. तालीम झाली की आम्ही सिनेमावर बोलतो. म्हणजे मी बोलतो, तो ऐकतो.

आज मात्र त्याने विचारलं, "काका, तो मुलगा उलट का बोलत नाही?"

"घाबरतो. दुसरं काय?"

"मला वाटतं, तिच्या वडिलांचा तिच्यासमोर अपमान होऊ नये म्हणून गप्प राहत असेल."

मी म्हटलं, तुझं लिफ्टचं बरं आहे बाबा, बटण दाबलं की वर. सिनेमाचं तसं नसतं. हसला.

श्रीमंत माणूस अंगात मुरू लागलाय. चहा कपबशीतच लागतो, बोलताना हात पाठीमागे जातात. काल भाजीवाल्याला "बघू, पाठवून दे घरी" म्हणालो. तो म्हणाला, "पावशेर घेवड्यासाठी?"

२८ जानेवारी

डॉक्टरीणबाईच्या लग्नाचं मनावर घेतलंय. एक डॉक्टर आहे, बापाचं स्वतःचं हॉस्पिटल, दोन मजली. लिफ्टवाला हॉस्पिटलांतून फिरत असतो, म्हणून तालीम झाल्यावर त्यालाच विचारलं, "माणसं कशी आहेत रे? आणि तुझ्या बघण्यात आणखी कुणी आहे का चांगला? डॉक्टर-बिक्टर? आमच्या मुलीला शोभेलसा?"

तो बराच वेळ स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिला. मग म्हणाला, "ती माणसं चांगली आहेत, काका."

प्रामाणिक पोरगा. दुसऱ्या कुणी काहीबाही नावं ठेवली असती.

ही मात्र माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी रस्त्यातल्या खड्ड्याकडे चालत निघालोय आणि हिच्या तोंडून आवाज फुटत नाहीये. काय झालं विचारलं तर म्हणे, काही नाही.

१ फेब्रुवारी

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

संध्याकाळची तालीम होती. सुरू करण्याआधी मी सांगितलं की रविवारी हॉस्पिटलवाले घरी यायचेत. डॉक्टरीणबाई उभी राहिली. "बाबा, त्यांना नको बोलावू. माझं ठरलंय."

"कुणाशी?"

ती माझ्या मागे बघू लागली. मी वळून बघितलं, दारात कुणी आलंय का म्हणून. दारात कुणी नव्हतं. मधे फक्त लिफ्टवाला उभा होता, हातात माझी पानं घेऊन.

मग मी बोललो. साडेतीन पानं पाठ होती, पण त्यातलं एकही वाक्य आलं नाही. जे आलं ते माझं होतं. मी म्हणालो, "लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने लिफ्टच्या खड्ड्यात राहावं. वरच्या मजल्यावर घर बघू नये."

वाक्य इतकं झोकात पडलं की क्षणभर मला बरंही वाटलं. खरं तेच लिहितो.

तो मान खाली घालून उभा राहिला. अगदी तसाच, पहिल्या दिवशी राहिला होता तसा. मग पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली. म्हणाला, "काका, मशीनचा पाइप बदललाय. जोड सुकू दे. आज लावू नका." आणि गेला.

डॉक्टरीणबाई तिच्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लोटलं.

ही म्हणाली, "वर्ष झालं. मला ठाऊक होतं. योग्य वेळ बघून तुम्हाला सांगणारच होतो. तुम्हाला तो आवडावा म्हणून येत होता."

"मला कसं कळलं नाही?"

"जन्मभर पडद्यावर लोकांच्या पोरींची प्रकरणं तुम्हाला सगळ्यांत आधी कळायची. स्वतःच्या घरात कळायला मात्र संवाद लागला."

४ फेब्रुवारी

मी वाट बघतोय. आता ती चिठ्ठी ठेवून पळेल. अन्न सोडेल. निदान रडेल तरी.

काहीच नाही. वेळेवर कामावर जाते, वेळेवर येते, जेवते. आज विचारलं, "बाबा, रक्तदाबाची गोळी घेतलीत?" बस. तिने 'तुम्ही' म्हटलं. एरवी मी 'तू' असतो.

पळून गेली असती तर मागे धावता आलं असतं.

७ फेब्रुवारी

दाराची बेल वाजली. धावत गेलो. पाळणाघरातल्या बाळाची आजी.

तालीम भिंतीसमोर करतो. भिंत 'बसा ना' म्हणत नाही.

ही दुपारी फडकी वाळत घालताना सहज बोलल्यासारखी म्हणाली, "माझ्या वडिलांनी तुम्हाला काय विचारलं होतं, आठवतं?"

आठवतं. काय करता? म्हटलं, सिनेमात काम. त्यांचा चेहरा उजळला. कोण होता सिनेमात? म्हटलं, नोकर. ते आधी दचकले, मग हसायलाच लागले. म्हणाले, चला, खोटं बोलत नाही, एवढं पुष्कळ झालं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काही नाही. चिमटे द्या इकडे."

१२ फेब्रुवारी

शूटिंग झालं.

अंगात भारी सूट, हातात पाकीट. समोर नवा हिरो, गोरा-गोमटा, केसालाही धक्का लागू न देणारा. पत्र्याच्या खोलीचा सेट. मी आत शिरलो आणि सगळं ओकलो. लायकी, पाकीट, सगळं. पहिल्याच झटक्यात ओके. लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. "ट्रेकाका, काय फाडलंत!"

मग दुसरा भाग. हिरो म्हणाला, "दमलेले दिसताय. बसा ना."

मी बसलो. खुर्ची साधी, लोखंडी. पण बसल्यावर पुढचं काही सुचेना. गुडघ्यांवर हात ठेवून नुसता बसून राहिलो. कॅमेरा चालूच. कुणी "कट" म्हणेना. मी पाणी मागितलं. ते संवादातलं होतं की मला खरंच तहान लागली होती, आता सांगता येणार नाही. मग म्हणालो, "ती गेली तर घरात माझ्याशी बोलणार कोण?" आणि थांबायचं होतं, तर तोंडातून पुढे गेलं, "आणि तूही यायचा बंद झालास."

डोळ्यांत काहीतरी गेलं. त्या सेटवर धूळ फार.

बाई जवळ आल्या, खाली बसल्या. "काका, शेवटचं वाक्य कुठलं?"

"चुकून आलं मॅडम. कापून टाका."

"कापणार नाही," त्या म्हणाल्या. "पेपर टाकायला येणाऱ्या मुलाची वाट तो म्हातारा बघत होता, हे मलाही सुचलं नव्हतं."

मी सूट उतरवला, परत दिला. आपल्या शर्टात जरा मोकळं वाटलं.

१५ फेब्रुवारी

आज सकाळी हिला न सांगता लिफ्टवाल्याच्या घरी गेलो. डॉक्टरीणबाईच्या मैत्रिणीकडून पत्ता काढला. कुणाला कळायला नको म्हणून एवढा आटापिटा, आणि निघताना ही म्हणते, "तो निळा शर्ट घाला. आणि त्यांच्याकडे बोळ अंधारा आहे, जपून."

तळमजल्याच्या मागे दोन खोल्या. दार त्याच्या आईने उघडलं. ताठ बाई, पांढरे केस चापून बांधलेले. शाळेत शिपाई होत्या, घंटा त्याच द्यायच्या. आवाजात अजून घंटा आहे.

"तो कामावर गेलाय. आपण?"

"मी डॉक्टरीणबाईचा बाप."

त्यांनी मला डोक्यापासून पायांपर्यंत बघितलं. "म्हणजे सिनेमावाले. या."

आजवर दार उघडून "साहेब घरी नाहीत" म्हणणारा मीच असायचो. उंबऱ्याबाहेर उभं राहणं किती अवघड असतं, ते आज कळलं.

बसायला सांगून त्या समोर उभ्याच राहिल्या. "स्पष्ट बोलते. मला हे लग्न पसंत नाही."

मी उडालोच. "पसंत नाही? तुम्हाला?"

"का? नापसंतीचा मक्ता काय तुम्हीच घेतलाय?"

त्या बोलतच होत्या. "सिनेमातली माणसं. आज याचे काका, उद्या त्याचे मामा. आणि मुलगी डॉक्टर. उद्या चार डॉक्टरांत बसली की माझ्या मुलाची ओळख काय करून देणार? हे लिफ्ट बघतात? घंटा वाजवून वाजवून वाढवलाय मी त्याला. कुणी त्याच्याकडे वरून खाली बघावं म्हणून नाही."

"माझी मुलगी तशी नाही हो."

"मुलगी नसेल. घरचे?"

मी निळ्या शर्टाची बाही सारखी केली.

"मधे आठवडाभर धड जेवला नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, काकांच्या सिनेमाची तालीम होती, त्यात ते फार लागेल असं बोलतात, तेच डोक्यात राहिलंय. एवढं काय हो लिहिलंय त्या सिनेमात?"

त्या पोराने मला पाठीशी घातलं होतं. आईपासूनसुद्धा. मी नुसतं "हो, संवाद जरा कडक आहेत" म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"तालीम नव्हती," मी म्हणालो. "मी बोललो. माझं मी."

"काय बोललात?"

मी सांगितलं. सगळंच्या सगळं. तेच वाक्य त्या खोलीत, त्याच्या आईसमोर, फार घाण वाटलं.

त्या आत निघून गेल्या. आता दार दाखवणार, म्हणून मी उठलो. भांड्यांचा आवाज आला. मग बाहेर आल्या, पदराला हात पुसत. "मग आज काय म्हणायला आलात?"

"पाठ करून काही आलो नाही."

"मग न पाठ केलेलं बोला."

मी म्हटलं, "मुलीचं राहू द्या. ती काय, तिचं बघेल. पण तो यायचा बंद झालाय तेव्हापासून मला घरात करमत नाही. दाराची बेल वाजली की मी धावतो. मला तो हवाय हो."

बाई मग हसल्या. हसल्या की शाळा सुटल्यासारखं वाटतं. "मुलीचे बाप पुष्कळ बघितले. स्वतःसाठीच मागणी घालणारे तुम्ही पहिले!"

दारात आवाज झाला. लिफ्टवाला उभा होता, हातात हत्यारांची पिशवी. कधी आला होता, किती ऐकलं होतं, देव जाणे. मी उठायला गेलो.

"बसा ना, काका," तो म्हणाला.

त्याला ते वाक्य पहिल्यांदाच नीट जमलं.

निघताना त्याच्या आईने बजावलं, "मी हो म्हटलेलं नाही. मुलीला पाठवा. एकटीला. तुम्ही नको."

१९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई दुपारी गेली ती दिवेलागणीला आली. आम्ही दोघं खिडकीला चिकटलेली.

"काय म्हणाल्या?"

"त्यांची दाढ दुखतेय, बाबा. वर्ष होत आलं. कुणाला सांगितलं नाही, एका बाजूने जेवतात."

"ते राहू दे. लग्नाचं काय म्हणाल्या?"

"मी दाढ बघत होते. तोंड उघडं ठेवून कसं बोलतील?"

"आणि तोंड मिटल्यावर?"

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "उद्या दवाखान्यात येतायत. म्हणाल्या, पाचवा मजला का? असू दे, लिफ्ट माझ्या मुलाची आहे."

मग माझ्या शेजारी येऊन बसली. नंतर म्हणाली, "बाबा, तू गेलास हे मला त्याने सांगितलं."

तू.

२१ एप्रिल

कचेरीत नोंदणी करून लग्न झालं. मी मनातून घाबरलो होतो. शेवटच्या क्षणी कुणीतरी दार ढकलून "थांबा!" म्हणतंच, असं माझं इतक्या वर्षांचं बघणं. दार ढकललं ते चहावाल्याने. पेन चालेना, एवढंच विघ्न आलं. साक्षीदार म्हणून दिग्दर्शकबाईंनी सही केली आणि माझ्या कानात म्हणाल्या, "असला शेवट मी लिहिला असता तर निर्मात्याने मला हाकललं असतं."

डॉक्टरीणबाईचं नवं घर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. तरी परत आल्यावर ही जेवायला तीन ताटं घेऊन बसली. एक मी गुपचूप उचलून ठेवलं. तिने ते बघितलं, मी बघितलं नसल्यासारखं केलं.

६ नोव्हेंबर

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला आम्ही पाचजण गेलो. जावई, डॉक्टरीणबाई, ही, मी आणि विहीणबाई. विहीणबाई यायला तयार नव्हत्या. नवरा गेल्यापासून थेटरात पाऊल टाकलं नाही म्हणाल्या. शेवटी जावयाने सांगितलं, काकांचं नाव पडद्यावर येतंय. तेव्हा निघाल्या. मला अजून काकाच म्हणतो. म्हणू दे.

त्या माझ्याच शेजारी बसल्या. थेटर निम्मं भरलेलं. नाव आलं, ते वाचेपर्यंत गेलं. मग मी आलो, सूट घालून, जिना उतरत. विहीणबाई म्हणाल्या, "कपडे शोभतात हो." मी सुखावलो.

पण सिनेमा पुढे सरकला तशा त्या मला विसरल्या. अगदी विसरल्याच. डोळे पडद्याला चिकटलेले. तो बाप पेपरवाल्या मुलाच्या खोलीत शिरला, त्याने पाकीट टाकलं, लायकी काढली, तशी त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"मेला! नीच माणूस!" त्या मला म्हणाल्या. "बघा तरी, कसा बोलतोय त्या लेकराला! देव बघून घेईल याला."

"हो ना," मी म्हटलं. "फार वाईट माणूस."

मनगटात त्यांची बोटं रुतत होती. मी हात काढला नाही. पलीकडे जावई तोंडावर रुमाल धरून हसत होता. थेटरातले लोक शिट्टी मारायला तयार होऊन बसले होते, आता पाकीट फाटणार म्हणून. पाकीट फाटलं नाही. "बसा ना," हिरो म्हणाला. थेटर गप्प झालं. पडद्यावरचा म्हातारा बसला, आणि कितीतरी वेळ नुसता बसून राहिला. एक शिट्टी अर्धी वाजली आणि थांबली.

"आणि तूही यायचा बंद झालास," तो म्हणाला.

विहीणबाईंची पकड ढिली झाली. पण हात त्यांनी काढून घेतला नाही. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "एकटा आहे हो बिचारा. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं."

दिवे लागले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आपल्या हाताकडे. हात झटकन मागे घेतला. "अगंबाई, तुम्हीच की! मी काय काय बोलले तुम्हाला!"

"मलाच म्हणालात," मी म्हटलं. "बरोबरच म्हणालात."

त्या मग घंटेच्या आवाजात म्हणाल्या, "चला, सगळ्यांनी घरी जेवायला चला. स्वयंपाक करूनच निघालेय. आणि तुम्ही आधी तोंड धुऊन या. तो मेला अजून चेहऱ्यावर बसलाय तुमच्या."

मी खरंच बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. पाणी गार होतं. बाहेर आलो तर सगळी गर्दी पांगली होती, आणि पायऱ्यांवर चौघंजण माझ्यासाठी थांबली होती.